सिरोंचा ते धडगाव ‘एक तास एकवीस मिनिटे’: हा वेळ नक्की कशाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की प्रवास पुरवण्यांत आणि मोबाइलवर अंतरांचे तक्ते फिरू लागतात. कुठल्याही दोन गावांची नावे टाकली की ‘हवाई अंतर इतके, विमानप्रवासाचा वेळ इतका’ असा आकडा समोर येतो. गाव मुंबई असो की मेळघाटातला पाडा, उत्तर त्याच थाटात मिळते. गडचिरोलीतले सिरोंचा ते नंदुरबारमधले धडगाव टाकले की असेच ‘६८५ किलोमीटर, एक तास एकवीस मिनिटे’ असे उत्तर येते. मोठ्या शहरांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. दुर्गम गावांच्या बाबतीत मात्र बिघडते. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या मुलांना, बदलीवर निघालेल्या शिक्षकांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना, आजारी माणसाला भेटायला धावणाऱ्या नातेवाइकांना या आकड्यावर बेत आखावा लागतो. म्हणून हा आकडा कसा निघतो, कुठे चुकतो आणि छापताना त्यासोबत काय द्यावे, हे सविस्तर लिहीत आहोत.

उदाहरणाला राज्याची दोन टोके घेऊ. आग्नेयेला प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे सिरोंचा आणि वायव्येला सातपुड्यातले, नर्मदेच्या अलीकडचे धडगाव. सिरोंचा १८.८५ अंश उत्तर, ७९.९७ अंश पूर्व. धडगाव २१.८२ उत्तर, ७४.२२ पूर्व. अक्षांशांतला फरक २.९७ अंश, रेखांशांतला ५.७५. आपल्या राज्यात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर झाले ३२९ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११.३ किलोमीटर भरतो आणि उत्तरेला सरकावे तसा आखडत जातो. तो किती आखडला हे अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. दोन्ही गावांचा सरासरी अक्षांश २०.३४, त्याचा कोसाइन ०.९३७७, म्हणजे इथे एक अंश १०४.४ किलोमीटरचा. त्याला ५.७५ ने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर ६०० किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस लावावा: ३२९ चा वर्ग अधिक ६०० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ ६८४. गावाचा कोणता बिंदू धरला यावर एखादा किलोमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून ६८५ म्हणू.

हीच रीत पुण्याला लावून पाहता येते. पुणे आणि सिरोंचा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, फरक फक्त अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. रेखांशांत मात्र ६.११ अंशांचे अंतर आहे, म्हणून सिरोंचा पुण्याच्या जवळपास सरळ पूर्वेला ६४५ किलोमीटरवर येते. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य तिथे पुण्याच्या सुमारे चोवीस मिनिटे आधी उगवतो. धडगाव पुण्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, ३६७ किलोमीटरवर. नकाशावर हा त्रिकोण काढून बघावा. आपले राज्य केवढे पसरले आहे ते त्यातून जितके कळते तितके कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

संकेतस्थळे पायथागोरस वापरत नाहीत. ती पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतात आणि दोन बिंदूंमधून जाणाऱ्या बृहद्वृत्तावरचे, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरचे अंतर काढतात. सूत्र असे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन. या बेरजेचा व्यस्त कोसाइन रेडियनमध्ये घेऊन त्रिज्येने गुणायचा. आपल्या गावांसाठी ती बेरीज ०.९९४२३८ आणि अंतर ६८४ किलोमीटर. दोन्ही रीतींची उत्तरे जुळली. राज्याच्या आवाक्यात ती जुळतातच. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते, म्हणजे ६८५ मध्ये तीन-साडेतीन किलोमीटर. विमान दहा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून वाट लांबते का, असेही विचारले जाते. लांबते, पण किलोमीटरभरच.

स्वतः गणित करणाऱ्यांचे काही ठरावीक ठिकाणी चुकते. एक्सेलमध्ये साइन-कोसाइन रेडियन मागतात. तिथे थेट अंश टाकले की उत्तर येते, पण त्याला काही अर्थ नसतो. प्रत्येक पायरीला चार दशांश स्थळांवर थांबले तर याच सूत्रातून ६८१ किलोमीटर निघतात. कोसाइन एकच्या इतका जवळ असताना चौथ्या स्थळावरची काटछाटही महाग पडते, म्हणून किमान सहा स्थळे ठेवावीत. सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र साधी आहे. धडगावचा अक्षांश नकाशावर २१ अंश ४९ मिनिटे लिहिलेला असतो, तो २१.४९ असा उतरवला जातो. ४९ मिनिटे म्हणजे ४९ भागिले ६०, अर्थात ०.८२ अंश. एवढ्या एका टिंबाने गाव ३६ किलोमीटर दक्षिणेला, सातपुड्यातून उतरून खाली शहाद्याकडच्या सपाटीवर येते. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली तर ते नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाते. ही चूक आकडा अवाढव्य आल्यामुळे लगेच पकडली जाते. ३६ किलोमीटरची चूक पकडली जात नाही, म्हणून तिला जास्त जपावे.

जुन्या टोपोशीटवरून अक्षांश-रेखांश घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ते नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट लंबगोल’ या जुन्या प्रतिमानावर आधारलेले आहेत आणि मोबाइलचे जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ या नव्या प्रतिमानावर. दोन्हींत बिंदू थोडा सरकतो. ६८५ किलोमीटरच्या हिशेबात ते सोडून द्यावे, पण हेलिकॉप्टर उतरवायची जागा कळवताना अजिबात सोडू नये. हा लंबगोल ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या जॉर्ज एव्हरेस्टच्या आधी, भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये सुरू केली. तो १८२३ मध्ये हिंगणघाटला काम चालू असतानाच वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांना ती जरूर दाखवावी.

नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. यंत्राला गाव कळत नाही, अक्षरे कळतात. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे तसे वाशीमलाही आहे. मालेगाव नाशिकचे आणि वाशीमचे. कारंजा लाड वाशीममध्ये, कारंजा घाडगे वर्ध्यात. कळंब यवतमाळला आणि धाराशिवलाही. औरंगाबाद टाकले तर आजही काही ठिकाणी बिहारचे औरंगाबाद येते, कारण आपल्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. अहिल्यानगर आणि धाराशिवच्या बाबतीत उलटे होते: नवे नाव जुन्या यादीत सापडत नाही आणि यंत्र जवळचे वाटेल ते गाव उचलते. धडगावची अडचण वेगळी. तालुक्याचे नाव अक्राणी आणि मुख्यालयाचे धडगाव, त्यामुळे एकाच ठिकाणाची दोन नावे फिरत असतात. आकडा छापण्यापूर्वी जिल्ह्याचे नाव पाहावे आणि नकाशावर बिंदू कुठे पडला आहे ते डोळ्यांनी बघावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आता वेळेकडे येऊ. अशी अनेक संकेतस्थळे ताशी ८०५ किलोमीटर, म्हणजे ५०० मैल, वेग धरतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. ६८५ भागिले ८०५ म्हणजे ५१ मिनिटे, अधिक ३० मिनिटे, एकूण एक तास एकवीस मिनिटे. हा ठोकताळा टाकाऊ नाही. पुणे-नागपूर घ्या. लोहगाव ते सोनेगाव हवाई अंतर ६०५ किलोमीटर, ठोकताळ्याने सव्वा तास येतो आणि वेळापत्रकात सव्वा ते दीड तासच दिसतो. वेळापत्रकातला वेळ चाकांचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीकडे रांगत जाणे, आपल्या पाळीची वाट पाहणे आणि उतरल्यावर स्टँडपर्यंत येणे हे सगळे धरलेले असते. प्रत्यक्ष हवेतला वेळ त्याहून दहा-वीस मिनिटांनी कमी असतो.

हा अर्धा तास कुठे जातो तेही पाहण्यासारखे आहे. ए-३२० जातीचे जेट ताशी ८३० किलोमीटरने जाते ते वर पोचल्यावर. १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. ३३,००० फुटांवर पोचायला वीस मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात दोनशे किलोमीटर मागे पडतात. उतरताना वैमानिकांचा हिशेब हजार फुटांना तीन सागरी मैल असा असतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा ३३,००० फुटांसाठी ९९ सागरी मैल, म्हणजे विमानतळाच्या १८३ किलोमीटर आधी उतार सुरू. ६८५ किलोमीटरच्या वाटेवर पूर्ण वेगाने कापायला उरले जेमतेम तीनशे किलोमीटर. म्हणूनच जवळच्या दोन ठिकाणांसाठी नुसते अंतर भागिले वेग केले की वेळ फसवा निघतो. अंतर निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही.

त्यात वाराही असतो. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो आणि आपल्याला जमिनीवरचा वेग हवा असतो. हिवाळ्यात वरच्या थरात वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर पूर्वेकडे जाताना हे अंतर ४४ मिनिटांत कापले जाईल, परतताना तोच समोरून आला तर ५६ मिनिटे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडचे वारे असतात, तेव्हा गणित फिरते. विमान सरळ रेषेतही जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, मधले बिंदू, हवाई दलाची राखीव क्षेत्रे, उतरण्यासाठी धावपट्टीच्या ठराविक दिशेला मारलेला वळसा, असे सगळे मिळून छोट्या मार्गावर पाच ते दहा टक्के वाट वाढलेली धरावी. लोहगावची धावपट्टी तर हवाई दलाचीच आहे.

लहान गावांकडे ए-३२० सारखे मोठे जेट सहसा जात नाही. तिथे जाते ते एटीआर ७२ सारखे पंख्याचे टर्बोप्रॉप, ताशी सुमारे ५०० किलोमीटरचे. त्याला ६८५ किलोमीटरला ८२ मिनिटे लागतील, चढ-उताराचा अर्धा तास धरून सुमारे एक तास पन्नास मिनिटे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत साधारण तासाभराच्या, म्हणजे ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली गेली, ती याच वेगाशी जुळणारी आहे. त्या योजनेतले पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला ते दिल्ली उडाले. मार्ग तोट्यात जाऊ नये म्हणून मिळणारी मदत तीन वर्षांची असते. ती संपल्यावर मार्ग टिकला की नाही हे पाहिल्याशिवाय ‘अमुक ठिकाणी विमानसेवा आहे’ असे छापू नये. विमानतळ असणे, त्यावर आज विमान येणे आणि आपल्याला हव्या त्या वारी येणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ प्रश्न इथे येतो. सिरोंचाला प्रवासी विमानतळ नाही. धडगावलाही नाही. एक तास एकवीस मिनिटे हा ज्या विमानाचा वेळ आहे ते विमान अस्तित्वातच नाही. मग खरा प्रवास कसा होईल? सिरोंचाहून सरळ रेषेत हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सुमारे २४० किलोमीटरवर आहे आणि नागपूर २६५ वर. राज्याच्या हिशेबाने नागपूरच सुचते, पण आलापल्ली-गडचिरोलीवरून तो रस्ता खूप लांब पडतो. गोदावरीवर पूल झाल्यापासून कालेश्वरममार्गे तेलंगणात उतरणे सोयीचे झाले आहे. शमशाबाद हैदराबादच्या पलीकडच्या अंगाला असल्यामुळे शहर ओलांडायचा वेळ धरून सहा-सात तास मोजावेत.

दुसऱ्या टोकाला तर सरळ रेषा साफ फसवते. धडगावला हवाई अंतराने सर्वांत जवळचा विमानतळ वडोदरा, अवघा ११७ किलोमीटर. सुरत आणि जळगाव दोन्ही १७५ च्या आसपास, इंदूर १९०. यंत्र म्हणते वडोदऱ्याला उतरा. पण मध्ये सातपुड्याच्या रांगा आहेत आणि सरदार सरोवराचे पाणी आहे. मोलगी, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपिपळा असा वळसा घालताना अंतर दुपटीच्या घरात जाते. पावसाळ्यात घाटातली दरड आडवी आली की वेळ सांगणेच कठीण. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, शहादा करून येणे लांब दिसले तरी रस्ता बराचसा चांगला. जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा हा रस्ता आणखी सरळ, पण तिथे विमाने मोजकी.

आता बेरीज करा. सिरोंचा ते शमशाबाद साडेसहा तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचावे लागते, कारण सामानाच्या खिडक्या साधारण तासभर आधी बंद होतात. हैदराबाद ते सुरत थेट विमान त्याच दिवशी मिळाले असे धरले तर पावणेदोन तास. हे एकच उड्डाण ७३५ किलोमीटरचे आहे, म्हणजे दोन गावांमधल्या सरळ अंतरापेक्षाही मोठे. सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. सुरत ते धडगाव सहा तास. एकूण पावणेसतरा तास, तेही कुठे काही अडले नाही तर. हेच दोन टोकांमधले अंतर रस्त्याने वाट धराल तसे नऊशे ते हजार किलोमीटर भरेल आणि ताशी ५० च्या सरासरीने अठरा ते वीस तास लागतील. विमानाने वाचले ते एक ते तीन तास, आणि त्यासाठी तिकीट अधिक दोन्हीकडच्या गाड्यांचे भाडे.

रस्त्याचा अंदाज हवाई अंतरावरून काढायची सवय आहे, तीही जपून वापरावी. सपाट मुलखात हवाई अंतराला १.२ ने गुणले की बहुधा जमते. पुणे-नागपूरला जमते. घाटात नाही. पुण्याहून महाड सरळ रेषेत ६७ किलोमीटर, पण वरंध घाटाने गेलात तर दीडपटीहून जास्त भरते. सातपुड्यात आणि भामरागडच्या जंगलात कुठला गुणक लावावा हे नद्यांवरचे पूल ठरवतात. गुणक लावूच नये, रस्त्याचा नकाशा पाहावा.

मग सरळ रेषेतले अंतर निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. रुग्ण हलवण्यासाठी हेलिकॉप्टर मागवताना तेच कामाला येते. हेलिकॉप्टर ताशी २२० ते २५० किलोमीटरने जाते. सिरोंचा ते नागपूर २६५ किलोमीटर म्हणजे सव्वा तासाच्या आत. रुग्णाला घ्यायला हेलिकॉप्टर सिरोंचाला येण्याचा वेळ त्यात नाही, तो वेगळा धरावा. ढग खाली आले असतील किंवा दिवस मावळत असेल तर हा वेळही कागदावरच राहतो. तरीही तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जवळच्या तीन मोठ्या रुग्णालयांची हवाई अंतरे आणि उतरण्याच्या जागेचे दशांशातले अक्षांश-रेखांश भिंतीवर लिहिलेले असावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. फोनवर अंश-मिनिटे सांगताना होणारी चूक वर दाखवलीच आहे, आणि इथे ३६ किलोमीटरची चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

धावपट्टी झाली की सगळे सुटेल असेही नाही. एटीआर ७२ ला समुद्रसपाटीला आणि बेताच्या हवेत पूर्ण भाराने सुमारे १,३०० मीटर लागतात, ए-३२० ला दोन हजारांच्या पुढे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हवा विरळ होते, धाव लांबते किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात. सातपुड्याच्या दऱ्यांमध्ये तेवढी सपाट आणि दोन्ही टोकांना मोकळी जागा शोधणे हे आणखी अवघड काम.

आपणांस विनंती अशी की, विमानतळ नसलेल्या गावांसाठी नुसता ‘विमानप्रवासाचा वेळ’ छापू नये. त्या ओळीऐवजी असे छापता येईल: ‘सिरोंचा (जि. गडचिरोली) ते धडगाव (जि. नंदुरबार): सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किमी. दोन्ही ठिकाणी प्रवासी विमानतळ नाही. सोयीचे विमानतळ: हैदराबाद किंवा नागपूर, आणि सुरत किंवा जळगाव. विमानाने घरापासून घरापर्यंत सुमारे १७ तास, रस्त्याने १८ ते २० तास. पावसाळ्यात धडगावकडच्या घाटाची चौकशी करून निघावे.’ जागा चार ओळींची लागेल.

कळावे,

भूगोल शिक्षक व नकाशा अभ्यासकांचा एक गट,
सदाशिव पेठ, पुणे